डोहाच्या खालची माणसं

माझं माहेर पेणच्या खाडीकाठचं. वडखळवरून आत वळलं की रस्ता अरुंद होत जातो आणि दोन्ही बाजूंना मिठागरं, खारजमिनी आणि त्यांना समुद्राच्या भरतीपासून राखणारे मातीचे बांध दिसायला लागतात. त्यातल्याच एका गावात मी वाढले. पाणी आमच्या चारही बाजूंना होतं, पण तोंडात घालता येईल असं नव्हतं. पावसात गावतळं भरायचं, ते कसंबसं माघापर्यंत पुरायचं. पुढे नळाला कधीतरी करंगळीएवढी धार, नाहीतर टँकर. आई तांदूळ धुतलेलं पाणी भाजी धुवायला घ्यायची, तेच पुढे भांड्यांना आणि शेवटी दारातल्या शेवग्याला. सगळीकडे असंच असतं असं मला वाटायचं.

लग्न होऊन मी रोह्याकडच्या डोंगराच्या पायथ्याच्या गावात आले. मे महिन्याचे दिवस होते. दुसऱ्याच दिवशी सासूबाई मला नदीवर घेऊन गेल्या. नदी म्हणजे कुंडलिकेला जाऊन मिळणारी एक लहानशी नदी, होळीनंतर जिचा नुसता दगडगोट्यांचा पट्टा उरतो. पण गावाच्या वरच्या अंगाला खडकात एक खोल डोह आहे. काठावर करंज आणि उंबर, त्यांच्या सावलीत शेंदूर फासलेले सात दगड. साती आसरांचा, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचा डोह म्हणतात त्याला. सासूबाईंनी मूठभर कुरमुरे पाण्यात टाकले आणि काळ्याशार पाण्यातून हात-हात लांबीचे मासे वर आले.

"हितला मासा कोण धरत नाय गो," त्या म्हणाल्या. "आसरांचे हायत ते."

मी माशांकडे बघतच नव्हते. भर मे महिन्यात एका जागी एवढं गोडं पाणी मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. माझे डोळे भरून आले. सासूबाईंना वाटलं, पोरीला माहेर आठवलं. त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं.

माझे यजमान धाटावच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये होते. घर एकत्र, शेती सगळी थोरल्या चुलतदिरांच्या हातात. मी त्यांना भाऊजी म्हणते. अबोल, कामाला वाघ, आणि हट्टी. भातकापणी झाली की पूर्वी आमच्याकडे वाल टाकायचे. वालाला वेगळं पाणी लागत नाही, जमिनीतली ओल आणि पहाटेचं दव यावर तो येतो. पण वालाच्या शेंगांवर घर पुढे सरकत नाही असं भाऊजींचं म्हणणं होतं. त्यांनी गावात पहिल्यांदा कलिंगड लावलं आणि डोहावर मोटर बसवली. कलिंगडं चांगली आली. दुसऱ्या वर्षी आणखी दोघांनी मोटरी बसवल्या. चार-पाच वर्षांत डोहाच्या काठावरून पाइपांच्या काळ्या रांगा शेतांत जायला लागल्या. दिवसभर मोटरींची घरघर चाले. करंजाखाली बसलं तर शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे.

मी तोवर गावच्या अंगणवाडीत सेविका म्हणून लागले होते. गावची मुलं यायची आणि नदीच्या खालच्या अंगाला वळणापलीकडे असलेल्या कातकरवाडीतलीही यायची. वाडी म्हणजे पंधरा-वीस घरं. तिथे नळ पोचला नव्हता. वाडीच्या बाया नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून खड्डे करत, त्यात खालून पाणी झिरपून येई. त्याला झिरा म्हणतात. वाटीवाटीनं पाणी काढायचं आणि हंडा भरायचा. मी वजन घ्यायला, डोस द्यायला वाडीत जायची, तेव्हा त्या बाया झिऱ्याभोवती बसलेल्या मला दरवेळी दिसायच्या. मी खाडीकाठची मुलगी. पाण्यासाठी रांगेत बसणं काय असतं हे मला कुणी सांगायला नको होतं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे झालं त्यात मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

एका उन्हाळ्यात डोह इतका आटला की मासे पाण्यावर येऊन तोंडं उघडायला लागले. काठाला उभं राहिलं की तेवढीच उघडमीट दिसायची. एके सकाळी सासूबाई ओरडत घरी आल्या. काठाशी सात-आठ मोठे मासे पोटं वर करून तरंगत होते. सासूबाईंनी त्या दिवशी जेवण केलं नाही. गावात कुजबुज सुरू झाली, आसरा कोपल्या. भाऊजींनी त्या दिवशी मोटर लावली नाही, पण तिसऱ्या दिवशी पुन्हा लावली.

ही बातमी वनखात्यापर्यंत गेली आणि आमच्या बीटवर नव्यानं आलेली वनरक्षक गावात आली. घाटावरची, पंचविशीची मुलगी. ती डोहाकाठी बराच वेळ उकिडवी बसून राहिली. मग म्हणाली, हे महासीर आहेत, असे मासे आता फार थोड्या नद्यांत उरलेत, तुमच्या आजे-पणजांनी देवाच्या नावानं ते राखले म्हणून आज आहेत. दिवाळीनंतर आपण सगळे बसू आणि पाण्याचं काहीतरी ठरवू.

दिवाळीनंतर देवळात बैठक झाली. गावातली शेतीवाली सगळी माणसं आली होती. माझं अक्षर बरं म्हणून वही माझ्याकडे दिली. दोन गोष्टी ठरल्या. मोटरी दिवसाला दोनच तास चालवायच्या, आणि डोहाच्या तोंडाशी मातीच्या पोत्यांचा बंधारा घालून पाणी अडवायचं, म्हणजे उन्हाळ्याला साठा राहील. कुणी फार वाद घातला नाही. भाऊजीसुद्धा हो म्हणाले.

उठायच्या आधी वनरक्षकानं विचारलं, "या पाण्यावर असणारे सगळे आलेत ना?"

"सगले हायत," पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

तिनं माझ्याकडे बघितलं. कदाचित वही माझ्याकडे होती म्हणून. माझ्या मनात वाडी आली. अगदी स्पष्ट आली. पण वाडीची माणसं देवळातल्या बैठकीला कधी येत नसत, त्यांना कुणी बोलावतही नसे, आणि मी सून. एवढ्या माणसांत उठून ते बोलायचं म्हणजे भाऊजींकडे बघावं लागलं असतं. मी मान हलवली आणि वहीत लिहिलं, सर्वानुमते मंजूर.

बंधारा सगळ्या गावानं मिळून घातला. मीही पोती वाहिली. पोत्यांच्या आत प्लास्टिकचा कागद अंथरला, फटींत चिकणमाती चोपली, थेंब बाहेर जाणार नाही असं काम केलं. पौषात डोह काठोकाठ भरला. सासूबाईंनी आसरांना खण-नारळ वाहिला. तालुक्याहून माणसं येऊन फोटो काढून गेली. भाऊजींनी त्या वर्षी कलिंगडाची दुसरी लागवडही केली, एवढा त्यांना भरवसा वाटला. आणि खरं सांगते, मलाही फार बरं वाटत होतं. आपण काहीतरी चांगलं केलं असं वाटायचे दिवस बाईमाणसाच्या आयुष्यात काही रोज येत नाहीत.

माघ संपता संपता वाडीतली मुलं अंगणवाडीत घाणेरडी यायला लागली. नाकं वाहिलेली, डोळ्यांना चिपडं, कपड्यांना वास. एका आईला मी सगळ्यांसमोर बोलले, "तोंड तरी धुवून आणावं गो पोराचं!"

ती खाली मान घालून उभी राहिली. तिच्याबरोबर तिची सासू आली होती. सुकलेली, काटक म्हातारी, वाडीत तिचा शब्द चाले. तिनं माझ्याकडे सरळ बघितलं आणि विचारलं, "कशानं धुवू?"

मी समजले नाही. म्हणजे समजले, पण समजून घ्यायला मला थोडा वेळ लागला.

"चल दाखवते," म्हातारी म्हणाली.

मुलांना मदतनीस बाईकडे सोपवून मी तिच्यामागून गेले. वळणापलीकडे पात्रात पाच झिरे होते. चार कोरडे ठाक. पाचव्यात तळाला वाटीभर गढूळ पाणी, आणि त्याच्याभोवती रिकामे हंडे रांगेनं मांडून ठेवलेले. दरवर्षी हे झिरे चैत्र-वैशाखापर्यंत चालत. बाया आता टेकडीला वळसा घालून पलीकडच्या गावच्या विहिरीवर जात होत्या. तिथले लोक कधी भरू देत, कधी हुसकावत.

"तुमी वर बूच मारलं," म्हातारी म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "आमाला कोन इच्यारलं?"

मी म्हटलं, "मी सांगते गावात."

ही गोष्ट मी घरी यजमानांना सांगितली. ते नुकतेच शिफ्ट करून आले होते. जेवता जेवता म्हणाले, "बरोबर हाय तुझं. पण आता शिमगा तोंडावर आलाय. शिमगा होऊ दे, मग विषय काढू. आत्ता काढलास तर भांडणं लागतील." मला ते पटलं. पटलं म्हणजे, सोयीचं वाटलं. मी दहा दिवस गप्प बसले. त्या दहा दिवसांत वाडीतल्या तीन मुलांना जुलाब सुरू झाले आणि एका मुलीला रोह्याच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. ती वाचली. मी तिला ओआरएसची पाकिटं नेऊन दिली. ती कालवायला पाणी कुठून आणलं, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

शिमग्याच्या चार दिवस आधी, सकाळी चहा ठेवला होता, तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. बंधारा फुटला होता. मी धावत गेले. पोती कोयत्यानं फाडलेली, प्लास्टिकचा कागद चिंध्या होऊन गोट्यांत अडकलेला. डोह जवळपास पुरुषभर खाली गेला होता. पाण्याबरोबर मासेही वाहून गेले होते आणि खालच्या पात्रात खड्ड्याखड्ड्यांत, चिखलात तडफडत पडले होते. भाऊजी गुडघाभर चिखलात उतरून एकेक मासा उचलून घमेल्यात टाकत होते आणि घमेलं डोहात रिकामं करत होते. त्यांना मी असं कधीच बघितलं नव्हतं.

"वाडीवाल्यांचं काम हाय," कुणीतरी म्हणालं. "मासं खायला फोडला बंधारा. पोलिसांना बोलवा."

माणसं वाडीकडे निघाली. दोघा-तिघांच्या हातांत काठ्या होत्या. मीही मागून धावले. वळणावर पोचले तेव्हा सगळे थांबलेले दिसले. वाडीची माणसं पात्रातच होती, बाया, पुरुष, मुलं. ती मासे गोळा करत होती. पण जाळ्यात किंवा टोपल्यात नाही. हंड्यांत आणि पातेल्यांत उचलून ती मासे झिऱ्यांत सोडत होती. वरून आलेल्या पाण्यानं झिरे भरले होते. आपलं पिण्याचं पाणी, जे इतक्या दिवसांनी मिळालं होतं, त्यात त्यांनी मासे सोडले होते.

म्हातारी पुढे आली. "बंधारा मी फोडला," ती म्हणाली. "पोरींना घेऊन फोडला. आमचं पानी आमाला पायजे व्हतं. मासं खाली येतील ह्ये ध्यानात नाय आलं."

"किती खाल्ले?" एकानं विचारलं.

"मोठं नाय खाल्लं. आसरांचं हायत. बारकी दोन-चार पोरांनी भाजली, खोटं कशाला बोलू?"

काठी घेतलेला एकजण पुढे सरकला. मला तेव्हा बोलावंच लागलं. मी म्हटलं, "यांचे झिरे आटले ते आपल्या बंधाऱ्यामुळे. मला ठाऊक होतं. दहा दिवस ठाऊक होतं आणि मी गावात सांगितलं नाही."

भाऊजी मागून येऊन उभे होते. त्यांच्या हातातलं घमेलं तसंच होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुला ठावं व्हतं?" एवढंच. मग वळून ते डोहाकडे गेले. त्या दिवसापासून दोन वर्षांहून जास्त काळ ते माझ्याशी बोलले नाहीत. ताट वाढलं तर जेवत, पण शब्द नाही.

पुढचा आठवडा वाईट गेला. गावात दोन तट पडले. तक्रार द्यायची की नाही यावर रोज भांडण. बंधारा पुन्हा बांधावा तर वाडी पुन्हा फोडणार, न बांधावा तर कलिंगडं वाळणार. शिमगा झाला, पण पालखीमागे नेहमीसारखी माणसं नव्हती. वाडीतली मुलं अंगणवाडीत यायची बंद झाली. खाऊचा डबा घेऊन मी वाडीत जायची, तर बाया दारं लोटून घ्यायच्या.

तेवढ्यात बाबा आजारी असल्याचा माहेरून फोन आला. मी रोह्याहून सकाळची गाडी धरून पेणला उतरले. बाबा ओटीवर पडून होते. जन्मभर मिठागरात राबलेला माणूस, पायांची कातडी मिठानं कायमची फाटलेली. स्वतःची गुंठाभर जमीन त्यांना कधी नव्हती. मी त्यांना सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते, मला वाटलं झोपले.

मग म्हणाले, "आपल्या बांधाला खांड पडायची तवा काय करायचे, आठवतं का?"

मला आठवत होतं. उधाणात खारबांध फुटून भगदाड पडलं की त्याला खांड म्हणत. गावभर हाक जायची आणि घरटी एक माणूस चिखल टाकायला जायचा. बाबाही जात.

मी विचारलं, "पण बाबा, आपली तर शेती नव्हती. मग तुम्ही का जायचात?"

"पोरी, खारं पानी सातबारा बघून शिरत नाय. शेतवाला, मिठागरवाला, मच्छीवाला, सगल्यांना हाक मारायचे. ज्याला हाक मारली नाय, तो मागनं बांधावरची माती उकरून नेतो. रागानं नेतो असं नाय. तो बांध त्याचा पन हाय ह्ये त्याला कोन सांगितलंच नसतं."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "तू का नाय हाक मारलीस?"

संध्याकाळी मी परत निघाले. बाबा त्यानंतर दोन महिन्यांनी गेले.

परत आल्यावर मी वनरक्षकाला भेटले आणि देवळातल्या बैठकीत मी मान का हलवली ते सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "चूक माझीही आहे. मी विचारलं तुम्हाला, जायला हवं होतं मी खाली." मग आम्ही दोघी घरोघर फिरलो. आधी वाडीत, मग गावात. वाडीत म्हातारीनं एकच अट घातली. "देवलात नाय येनार. तिथं आमी पायरीखाली बसतो, तुमी वर. नदीत बसू."

म्हणून बैठक नदीच्या पात्रात झाली, दुपारी, करंजाच्या सावलीत. सगळे दगडगोट्यांवर बसले. मग सगळे एकदम बोलले. एका शेतकऱ्यानं विचारलं, माशांसाठी माणसांनी मरायचं का? वाडीतला एकजण म्हणाला, कलिंगडासाठी आमी मरायचं का? माझ्या सासूबाई, ज्या कधी चारचौघांत बोलल्या नव्हत्या, उठून म्हणाल्या, "आसरा आधी हितं आल्या, मग आपन. ह्ये तरी ध्यानात ठेवा."

भाऊजी शेवटी बोलले. "माझी दुसरी लागवड फुलावर हाय. अजून महिनाभर पानी पायजे. आता बंद केलं तर सगला वेल जातो. मी काय करू, ते सांगा."

म्हातारीनं त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुज्या शेताला रोज किती घटका मोटर लागते?"

"दीड तास."

"आमच्या पाच झिऱ्यांना वरनं करंगळीएवढी धार सोडली तरी भागतं. तू म्होरं सांग, पानी कुठवर खाली गेलं म्हंजे तू थांबशील?"

भाऊजी उठले, खडकापाशी गेले आणि पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एका भेगेवर हात ठेवला. "हितवर."

तिथे छिन्नीनं खडकात पट्टा खोदला. पाणी त्या पट्ट्यापर्यंत आलं की सगळ्या मोटरी बंद, मग शेतात काही का असेना. बंधारा पुन्हा घालायचा, पण तळाशी एक पाइप ठेवायचा, वाडीकडे धार कायम चालू. पट्टा रोज बघायचं काम गावातल्या एका बाईकडे आणि वाडीतल्या एकीकडे. गावातून माझं नाव आलं. वाडीतून म्हातारीनं स्वतःचंच नाव सांगितलं.

रोज सकाळी आम्ही दोघी डोहावर भेटायला लागलो. ती वाडीतून वर यायची, मी गावातून. आधी ती फारसं बोलायची नाही. पाणी बघायचं, मान हलवायची आणि निघायचं. नंतर नंतर बसायला लागली. झिऱ्यांत सोडलेले मासे वाडीच्या पोरांनी एकेक करून डोहात आणून सोडले होते. त्यातले बरेच जगले नव्हते. ती ते मोजायची नाही. "आपन मारलं," एवढंच एकदा म्हणाली. त्या 'आपन'मध्ये तिनं मला धरलं होतं की नाही, हे मला कधी कळलं नाही.

पाणी अठराव्या दिवशी पट्ट्याला लागलं. मी बघितलं, तिनं बघितलं. सांगायला मी जायचं होतं. मी भाऊजींच्या शेताच्या बांधावर गेले. मोटर चालू होती, पाट भरून पाणी वेलांत चाललं होतं. कलिंगडं नारळाएवढी झाली होती, अजून दहा-बारा दिवस हवे होते. मला तोंड उघडावं लागलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, डोहाच्या बाजूला बघितलं, आणि जाऊन मोटरीचं बटण बंद केलं. वेल आठवड्यात माना टाकून बसले. फळं लहान राहून उन्हात तडकली. गुरांना घातली. बाकीच्यांनीही मोटरी बंद केल्या, पण एकानं आधी चार दिवस चोरून चालवली, आणि भाऊजींनी जाऊन त्याची पाइप उचलून टाकली. त्यावरून मारामारी व्हायची पाळी आली होती. सगळं गोडीगुलाबीनं झालं असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही.

पुढच्या वर्षी भाऊजींनी वरच्या शेतात वाल टाकला. कलिंगड खालच्या एकाच तुकड्यात. "बंधारा सगल्यांचा, मग पीक पन कमी पान्याचं पायजे," असं ते यजमानांना म्हणाले म्हणे. मला नाही म्हणाले.

म्हातारी तिसऱ्या पावसाळ्यात गेली. ताप आला आणि चार दिवसांत संपलं. वाडीत मी गेले तेव्हा आतबाहेर माणसं होती. थोड्या वेळानं पाऊस झेलत भाऊजी आले. ते वाडीत कधी येतील असं मला वाटलं नव्हतं. छत्री मिटून ते ओल्या अंगणात, माणसांत खाली बसले. तिच्या सुनेनं, जिला मी एकदा पोराच्या तोंडावरून बोलले होते, त्यांच्यापुढे तांब्या ठेवला. ते पाणी प्यायले. निघताना माझ्याजवळ थांबून म्हणाले, "आता तिच्या जागी कोन बघनार पट्टा?" दोन वर्षांनंतरचं ते माझ्याशी पहिलं बोलणं. मी म्हटलं, "सून बघेल." त्यांनी मान हलवली.

वनरक्षकाची बदली झाली. मासे आहेत. पूर्वीइतके नाहीत, पण आहेत. आता नवीन दुखणं आहे. डोहाच्या वर, डोंगराच्या उतारावर, शहरातल्या लोकांनी जमिनी घेऊन बंगले बांधलेत. प्रत्येकाची बोअरवेल, लॉन, एकाकडे पोहायचा तलाव. गेल्या दोन वर्षांत पाणी पट्ट्याला लवकर लागायला लागलंय. मालक शनिवार-रविवारी येतात आणि आम्हाला दिसत नाहीत.

नदीतली बैठक आता दरवर्षी होते. यंदाच्या बैठकीआधी मी आणि म्हातारीची सून वर बंगल्यांकडे गेलो. बैठकीच्या बोलावण्याचा कागद घेऊन चार बंगल्यांच्या फाटकांवर हाका मारल्या. तीन ठिकाणी कुत्र्यांशिवाय कुणी आलं नाही. चौथ्या ठिकाणी वॉचमन आला. सुरकुतलेला, परमुलखातला माणूस, त्याची बायको मागे नळीनं लॉनला पाणी घालत होती.

"साहब को फोटो भेज देता हूँ," तो कागद बघत म्हणाला. मग मोडक्या मराठीत विचारलं, "पण मीटिंगला मी येऊ का? पाणी तर मीच सोडतो ना."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"या की," सून म्हणाली. "बायकोला पण आना."